पुढच्याची हाळी

एका मुलखात, जिथं मोठी माणसं स्वतःच्या पायांनी फारशी चालत नसत, तिथं पालखीचा एक नाईक राहत होता. राणू त्याचं नाव. राजमातेची, म्हणजे आईसाहेबांची, पालखी वाहायचं काम त्याच्या माणसांकडं होतं. दांड्याला दोन भोई पुढं, दोन मागं, आणि पुढच्या दोघांत उजवीकडं नाईक. ती जागा मानाची. राणूला ती इतकी अंगवळणी पडली होती, की घरी भाकरी खातानासुद्धा तो उजवा खांदा जरा वर धरून बसायचा. बायको हसायची, पण त्याला त्याचं काही नव्हतं.

आता पालखीचं असं असतं, की वाट दिसते ती फक्त पुढच्यांना. मागच्यांना दिसतो पालखीचा पडदा आणि त्यापलीकडं नाईकाची पाठ. पायाखाली खड्डा आहे की काटा, त्यांना काय कळणार? म्हणून भोयांची रीत अशी, की नाईकानं चालता चालता हाळी द्यायची.

"डावीकडं दगड."

"घेतला," मागून उत्तर यायचं.

"पुढं पाणी."

"घेतलं."

दिवसभर हेच चालायचं. नवख्याला वाटावं, ही माणसं दगडधोंडे गोळा करायलाच निघालीत. पण त्या हाळीच्या भरवशावर मागचा भोई अख्खं वजन घेऊन बिनघोर पाऊल टाकायचा.

मागच्या दांड्याला लखू होता. नाईकाच्याच वयाचा, लहानपणी एकाच ओढ्यात डुंबलेला. त्याचं "घेतला" सगळ्यांत खणखणीत. कधी सर्दीनं त्याचा आवाज बसला, तर राजमाता पडद्याआडून विचारायच्या, "काय रे लखू, आज दगड घेतलास की सोडून दिलास?" मग भोयांमध्ये खसखस पिकायची.

असे बरे दिवस चालले होते. मग राजाच्या मनात आलं, की सपाटीवरचा वाडा सोडून डोंगरावर राहायला जायचं. वर नवा वाडा बांधून झाला, तिथवर नवी घाटवाट खणली गेली. भोयांचे पाय सगळे नदीकाठच्या मऊ रस्त्याला सरावलेले. चढ, वळणं, एका अंगाला दरी, हे त्यांच्या बापजन्मात कुणी केलेलं नव्हतं.

कारभाऱ्यानं नाईकाला बोलावून घेतलं. "राणू, आईसाहेबांना या पौर्णिमेला वर न्यायचं आहे. वाट नवी आहे. जमेल ना तुझ्या माणसांना?"

नाईकानं ती वाट खालून मान वर करून पाहिली होती तेवढीच. पण चारचौघांत कारभारी विचारतो आहे म्हटल्यावर त्याची छाती फुगली. "त्यात काय, सरकार? डोळे झाकून नेऊ."

बोलून गेला खरा. घरी येईपर्यंत त्यानं तीनदा मागं वळून घाटाकडं पाहिलं.

भोयांची आणखी एक रीत होती. नव्या वाटेवर पालखी न्यायची, तर आधी सगळ्यांनी मिळून रिकामी पालखी घेऊन जायचं. तिला रिकामी फेरी म्हणत. त्या फेरीत कुणी ठेचकाळतं, कुणी चुकतं, नाईकही चुकतो, आणि सगळ्यांच्या पायांना वाट ओळखीची होते. माणसांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "नाईक, रिकामी फेरी कधी?"

आता फेरी मागायची म्हणजे कारभाऱ्याकडं जाऊन सांगायचं, की सरकार, मला वाट ठाऊक नाही. डोळे झाकून नेऊ म्हणणाऱ्या तोंडानं हे कसं सांगायचं? राणू म्हणाला, "फेरी कशाला? मी आहे ना पुढं. माझ्या पाठीकडं बघायचं आणि चालायचं."

एक भोई कुरकुरला. लखूनंच त्याला गप्प केलं. "अरे, राणू म्हणतोय ना, मग झालं."

पौर्णिमेला सकाळी पालखी निघाली. बाजूनं घोड्यावर कारभारी. पहिला चढ बरा गेला. हाळी आणि उत्तर, हाळी आणि उत्तर, अगदी नेहमीसारखं. नाईकाला वाटलं, उगाच घाबरलो होतो आपण.

मग एका वळणावर दरीतून धुकं वर आलं. कारवीची झुडपं दिसेनाशी झाली, मग वाटेची कड, मग वाटच. आपल्या पायांपुढं काय आहे ते राणूला दिसेना. 'दिसत नाही' एवढेच शब्द त्याच्या ओठांवर आले. पण घोड्याच्या टापा अगदी कानाशी वाजत होत्या. शब्द त्यानं गिळले आणि तो नुसताच चालत राहिला.

मागून लखूचा आवाज आला, "नाईक, हाळी?"

राणूनं घोड्याकडं चोरून पाहिलं.

"राणू, वाट कशी आहे?"

"चांगली आहे," राणू म्हणाला. "सरळ आहे. चला."

"घेतली," लखू म्हणाला, आणि त्यानं भरवशानं अख्खं पाऊल टाकलं.

पायाखाली सुटा मुरूम होता. लखूचा पाय सरकला आणि गुडघा खडकावर आदळला. पालखी एका अंगाला कलली, आईसाहेबांच्या मांडीवरच्या पूजेच्या ताटातला नारळ गडगडत दरीत गेला. पण लखूनं खांदा सोडला नाही. फुटल्या गुडघ्यावर बसून त्यानं दांडा तसाच पेलून धरला, म्हणून आईसाहेबांना खरचटलंसुद्धा नाही.

कारभारी घोड्यावरून उतरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "कुणाचा पाय घसरला?"

सगळ्यांनी नाईकाकडं पाहिलं. बोलायचं ते नाईकानंच, अशी शिस्त होती.

राणू म्हणाला, "मागच्याचा, सरकार."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि तेच त्याला पुढं खात राहिलं. सरळ खोटं बोलला असता, तर निदान स्वतःला खोटारडा म्हणून मोकळा झाला असता.

"आजपासून यानं दांड्याला हात लावायचा नाही," कारभारी म्हणाला. लखूनं एकदा राणूकडं पाहिलं. रागानं नाही, नुसतंच पाहिलं, कुणी बोलायचं थांबलं की आपण पुढच्या शब्दाची वाट बघतो तसं. राणूनं मान फिरवली. वर जाणं पुढच्या पौर्णिमेवर टाकून पालखी तिथूनच माघारी फिरली.

तीन-चार दिवसांनी धीर करून नाईक लखूच्या घरी गेला. लखू आत पडून होता, गुडघ्याला लेप बांधलेला. त्याची बायको गोजरा बाहेर आली, घोंगडी टाकली, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. मग पदर सावरून म्हणाली, "भावजी, राग धरू नका. यांचा पाय चुकला आणि तुम्हाला कारभाऱ्यांपुढं खाली बघावं लागलं. हेच म्हणाले, माझंच लक्ष नव्हतं."

राणूला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बोलायला तोंड उघडलं, तर शब्द आला तो भलताच. "काळजी घ्या," असं काहीतरी पुटपुटून तो उठला. तांब्या तसाच भरलेला राहिला. रस्त्यानं जाताना त्याला वाटत होतं, की गल्लीतली कुत्रीसुद्धा आपल्याला ओळखून गप्प बसलीत.

पुढच्या पौर्णिमेला लखूच्या जागी दुसरा भोई आला. त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. राणूला दगड न् दगड दिसत होता.

"डावीकडं दगड."

मागून उत्तर आलं नाही.

"पुढं उतार."

राणूनं जरा मान वळवून पाहिलं. मागचे दोघं पायानं जमीन चाचपत होते, मग वजन टाकत होते. शेजारचा भोईसुद्धा खाली बघून चालत होता. हाळी खरी होती, पण ती कुणीच घेत नव्हतं. सकाळी निघालेली पालखी दुपार कलल्यावर वर पोचली. कारभारी चिडला, माणसं थकली, आणि नाईक तर आतून पार मोडून गेला. कुणी त्याला शिवी दिली नव्हती. दिली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

पालखी वाड्याच्या अंगणात टेकली. आईसाहेब उतरल्या. राणू त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "आईसाहेब, गेल्या खेपेला लखूचा पाय घसरला, पण चूक माझी होती. मला वाट दिसत नव्हती. मी चांगली आहे म्हणून सांगितलं. रिकामी फेरीसुद्धा मीच टाळली."

कारभारी ओरडला, "मग तेव्हा का बोलला नाहीस?"

"लाज वाटली, सरकार."

"आणि आज नाही वाटत?"

"आज जास्त वाटते," राणू म्हणाला. "पण ती वेगळी आहे. तेव्हा मला वाट ठाऊक नव्हती याची वाटली. आज मी जे केलं त्याची वाटते."

आईसाहेबांनी कारभाऱ्याला हातानं थांबवलं. मग त्यांनी विचारलं, "लखूच्या घरी हे सांगितलंस?"

राणूची मान खाली गेली.

"म्हणजे आमच्यापुढं येणं तुला सोपं गेलं," त्या म्हणाल्या. "आधी तिकडं जा."

तो तसाच घाट उतरून गेला. लखू ओसरीवर काठी टेकून बसला होता. गोजरानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. राणूनं दोघांपुढं सगळं सांगितलं, काही न वगळता. ऐकून गोजरानं तांब्या उचलला आणि ती आत गेली.

लखू म्हणाला, "मला ठाऊक होतं."

"मग तू का बोलला नाहीस?"

"तू बोलशील असं वाटलं," लखू म्हणाला.

राणू तिथं पायरीवर बसून रडला. लखूनं त्याची समजूत घातली नाही आणि त्याला हाकलूनही दिलं नाही.

लखूचा गुडघा काही पूर्वीसारखा झाला नाही. दांडा पेलणं त्याच्या नशिबातून गेलं. तेव्हा आईसाहेबांनी हुकूम केला, की लखूनं काठी घेऊन पालखीपुढं चालायचं आणि हाळी द्यायची. राणूची मानाची जागा गेली. त्याला मागचा दांडा मिळाला, लखूचा. आणि सगळ्यांत आधी रिकामी फेरी काढायची ठरली.

मागच्या दांड्याखाली राणू पहिल्यांदाच उभा राहिला. समोर पालखीचा पडदा, पडद्यापलीकडं लंगडत चालणारी एक पाठ. बाकी काही म्हणजे काही दिसत नव्हतं. 'माझ्या पाठीकडं बघायचं आणि चालायचं,' हे आपलंच बोलणं त्याला आठवलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. पाठीकडं बघून काय कळणार होतं?

त्याच वळणावर पुन्हा धुकं आलं. लखू थांबला.

"इथून पुढं मला दिसत नाही," तो म्हणाला. "थांबा."

पालखी थांबली. कुणी हसलं नाही, कुणी कुरकुरलं नाही. लखूनं काठीनं जमीन चाचपली, एक पाऊल टाकून पाहिलं, मागं घेतलं, पुन्हा टाकलं. मग म्हणाला, "उजवीकडं सुटा मुरूम आहे. पाय आत घ्या. हळू."

राणूनं पाय आत घेतला आणि भरवशानं अख्खं पाऊल टाकलं.

"घेतला," तो म्हणाला.

त्याला पुन्हा नाईक केलं का, असं मुलं विचारतात. केलं, पुष्कळ दिवसांनी, आणि तेही माणसांनीच मागणी केली तेव्हा. गोजरानंही कधीतरी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या पुन्हा ठेवला. पण भाकरी खाताना खांदा वर धरून बसणं त्याचं सुटलं ते सुटलंच. आणि त्या मुलखात नवा भोई दांड्याखाली आला, की दगड, पाणी, काटा या हाळ्या त्याला नंतर शिकवत. पहिली शिकवत ती 'दिसत नाही' ही.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: नव्या वाटेवर माणसांना घेऊन निघालेल्यानं वाट ठाऊक नसल्याची लाज धरू नये. ठाऊक नसताना 'चला' म्हटल्याची धरावी, कारण त्या शब्दावर पाऊल दुसऱ्याचं पडतं.