पंतांनी परत पाठवलेली भांडी

डोंगराच्या पोटाशी वेळवाडी नावाचं एक गाव होतं. गावात वेळूची दाट बेटं होती, घरोघरी टोपल्या विणणारी माणसं होती, आणि लिहिता-वाचता येणारं माणूस मात्र औषधालाही नव्हतं. त्या गावात एका दिवाळीनंतर विसाजीपंत राहायला आले.

विसाजीपंत म्हणजे संस्थानच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. अक्षर असं की राजेसाहेबांना आपली पत्रं दुसऱ्या कुणी लिहिलेली चालत नसत. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, तीस वर्षांत हा माणूस कुणाच्या विड्याच्या पानालाही मिंधा झाला नव्हता. कामासाठी आलेला कुणी शेंगांची पुडी पुढे करी, कुणी तुपाची बरणी. पंत दोन्ही हात जोडत आणि म्हणत, "मी काही घेत नाही." हे वाक्य त्यांना इतकं आवडे, की एखाद्या दिवशी कुणी काहीच देऊ केलं नाही तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होई.

नोकरी संपली. मुलं आपापल्या संसारात रमली होती. आपल्याला जे येतं ते कुणाच्या तरी कामी यावं, असं पंतांनी ठरवलं. नेमकी त्याच वेळी वेळवाडीची अडचण त्यांच्या कानावर आली.

अडचण अशी होती. खालच्या अंगाला मोठी आमराई होती. आंब्यासाठी लागणाऱ्या करंड्या दरवर्षी वेळवाडीतून जात, आणि गावाचं पोट त्यावरच चाले. आमराईचे दिवाणजी मापं चिठ्ठीवर लिहून पाठवत. गावाला चिठ्ठी वाचता येत नसे, म्हणून ती शेजारच्या गावातून वाचून आणावी लागे. मागच्या वर्षी तिथल्या एकाने घाईघाईत भलतंच माप वाचून सांगितलं. चारशे करंड्या लहान झाल्या आणि सगळ्या परत आल्या. दिवाणजी भडकले. "होळीपर्यंत तुमच्यातलंच, विणणारं कुणी चिठ्ठी वाचून दाखवा," ते म्हणाले, "नाही तर काम दुसऱ्या गावाला जाईल."

काम गेलं तर वेळवाडीला एकच वाट होती, दगडाच्या खाणीची. ती वाट धुरपदाला चांगली माहीत होती. धुरपदा गावातली सगळ्यांत चपळ हाताची विणकरीण. तिचं बालपण खाणीवर खडी फोडण्यात गेलं होतं आणि तिच्या बापाची छाती त्या धुळीनेच भरली होती. आपल्या दोन्ही मुलींना ती खाण दिसूसुद्धा द्यायची नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

तेव्हा पंत आले म्हटल्यावर धुरपदाने घरोघर जाऊन माणसं गोळा केली. पहिल्या दिवशी चिंचेखाली तीस जण जमले. बायाच जास्त, कारण पुरुष वेळू तोडायला गेले होते. कुणी रिकाम्या हाताने आलं नव्हतं. धुरपदाने टोपलीभर वालाच्या शेंगा आणल्या होत्या. कुणी ताकाचा गडू आणला होता, कुणी कोवळ्या काकड्या. गावातली सगळ्यांत जुनी विणकरीण ठकूआजी. तिने ताटलीत दोन नाचणीच्या भाकऱ्या आणि वर मिरचीचा ठेचा आणला होता.

पंतांचा चेहरा उजळला. त्यांनी हात जोडले. "मी काही घेत नाही. माझी सेवा निःस्वार्थ आहे."

असं ते तीस वेळा म्हणाले. तीसही भांडी भरलेलीच परत गेली. घरी जाताना पंतांना स्वर्ग दोन बोटं उरला होता.

आता वेळवाडीची एक रीत होती, आणि ती पंतांना कुणी सांगितली नव्हती. त्या गावात कुणाचं भांडं रिकामं परत करत नसत. तुमच्याकडून वाटीभर मीठ आलं तर त्या वाटीतून दुसऱ्या दिवशी चार चिंचा जात. आणि भरलेलं भांडं न शिवता जसंच्या तसं परत पाठवायचं, ते फक्त एका वेळी: त्या घराशी नातं तोडायचं असेल तेव्हा. अकरा वर्षांपूर्वी दोन सख्ख्या जावांमध्ये असं एक भांडं परत गेलं होतं. त्या जावा अजून एकमेकींशी बोलत नव्हत्या.

म्हणजे पंतांनी पहिल्याच दिवशी, हसतमुखाने, हात जोडून, तीस घरांशी नातं तोडून टाकलं होतं.

बिचारी माणसं तरीही दोन-तीन दिवस आली. पण ज्याने आपल्याशी तोडलं त्याच्यापुढे बसून अक्षरं गिरवायची, याला मन धजेना. एकेक जण गळू लागला. तिसाचे वीस झाले, विसाचे सात. समोरून पंत येताना दिसले की बाया मान खाली घालून बाजूला होत. शेवटी एक दिवस असा आला की पंतांसमोर चिंचेखाली फक्त एक शेळी होती. तिनेही फळ्यापेक्षा चिंचेच्या पाल्यावर जास्त लक्ष दिलं.

पंतांच्या डोक्यात तिडीक गेली. एक पैसा न घेता शिकवतोय, वर यांना त्याची किंमत नाही! घरी जाऊन त्यांनी ट्रंक भरली. निघण्याआधी या लोकांना दोन शब्द सुनवावेत म्हणून ते तडक धुरपदाच्या अंगणात गेले. तिथे धुरपदा आणि ठकूआजी कामट्या सोलत बसल्या होत्या.

"धुरपदाबाई, माझं काय चुकलं ते एकदा सांगा!" पंत कडाडले.

धुरपदा उभी राहिली. तिच्याही तोंडून त्याच क्षणी तेच निघालं होतं. "पंत, आमचं काय चुकलं वो?"

मग धुरपदाचे डोळे भरून आले. "आमी तुमाला काय वाकडं बोललो? पयल्याच दिशी सगळ्या गावाची भांडी माघारी धाडली तुमी. आमी हलके हाव, ठाऊक हाय. पण शेंगा चांगल्या व्हत्या."

पंतांना काही उमजेना. तेव्हा ठकूआजीने हातातली कामटी खाली ठेवली आणि गावाची रीत त्यांना सांगितली. जावांची हकिगतही सांगितली. ऐकता ऐकता पंतांचे कान लाल झाले.

"पण आजी, मी काही घेत नाही याचा अर्थ मला तुमची कदर आहे असा होतो!"

"तुमच्या कचेरीत हुत आसंल," ठकूआजी म्हणाली. "हितं आमाला येवडंच कळतं. तुमी रोज देनार, आमी रोज घेनार, आन् आमचं कायबी तुमाला चालनार न्हाई. मग तुमी खाटेवर आन् आमी कायम भुईवरच की."

पंत उंबऱ्यावर बसले. राग आला होता तो कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी लाज येऊन बसली. तीस वर्षं ज्या वाक्याचा अभिमान बाळगला, तेच वाक्य इथे माणसांना लागलं होतं. कचेरीत न घेणं बरोबरच होतं. तिथे देणाऱ्याला कागद सरकवून हवा होता. इथे देणाऱ्याला काहीच नको होतं, फक्त पंत आपले व्हावेत एवढंच हवं होतं. आणि ते ओळखण्याऐवजी आपण दर भांड्यामागे आपलाच मोठेपणा मोजत बसलो, हे पंतांच्या लक्षात आलं.

साठी ओलांडलेल्या माणसाला सवय सोडणं सोपं नसतं. घरी भरलेली ट्रंक होती. गाडी करून निघून जाणं सोपं होतं. पंत बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी ते पुढे केले.

"आजी, भाकरी आहे का?"

ठकूआजी त्या वयातही अशी लगबगीने उठली, की धुरपदाला हसू आलं. पंतांनी भाकरी खाल्ली, ठेचाही खाल्ला. ठेच्याने त्यांच्या डोळ्यांना पाण्याची धार लागली, पण त्यांनी ताटली चाटून पुसून साफ केली. मग म्हणाले, "आता अजून एक मागतो. मला टोपली विणायला शिकवा. सकाळी तुम्ही शिकवा, दुपारी मी शिकवतो."

बातमी गावभर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पंतांची फजिती पाहायला झाडून सगळं गाव ठकूआजीच्या अंगणात हजर!

आणि फजिती झालीच. राजेसाहेबांची पत्रं लिहिणारा तो हात कामट्यांपुढे पार हतबल झाला. एक कामटी धरावी तर दुसरी सुटे, दुसरी धरावी तर तिसरी नाकावर बसे. "आरं, हात सैल सोड की, लेखनी हाय का ती?" ठकूआजी खेकसे. सकाळी ती पंतांना अरेतुरे करी आणि दुपारी फळ्यापुढे बसली की पुन्हा अहोजाहो. पाच दिवसांनी पंतांची पहिली टोपली तयार झाली. ती जमिनीवर ठेवली की एका बाजूला कलंडे. "ही टोपली हाय का कावळ्याचं घरटं?" कुणीतरी विचारलं, आणि सगळ्यांत मोठ्याने पंतच हसले.

त्या हसण्याने मोठं काम केलं. एवढा शिकलेला माणूस चारचौघांत चुकतो, खेकसणं ऐकून घेतो आणि पुन्हा विणायला बसतो, हे बायांनी पाहिलं. दुपारी आपलं अक्षर चुकलं तर त्याचं काय एवढं? चिंचेखाली पुन्हा तीस जण झाले, मग चाळीस. लेखणी हातात ठरत नव्हती तेव्हा धुरपदाने युक्ती काढली. तिने ओली कामटी वाकवून ‘ग’ केला, मग ‘म’, मग ‘क’. घरोघरच्या भिंतींवर वेळूची अक्षरं टांगली गेली. धुरपदाच्या मुली चुलीपाशी बसून ती आईकडून म्हणवून घेत आणि चुकली की तिला हसत.

पौष सरला, माघ सरला. होळीच्या आदल्या दिवशी दिवाणजी घोड्यावरून आले. चिंचेखाली सगळं गाव जमलं. दिवाणजींनी खिशातून चिठ्ठी काढली. "कोण वाचणार?"

धुरपदा पुढे झाली. तिच्या मागे तिच्या दोन्ही मुली एकमेकींचा हात घट्ट धरून उभ्या होत्या. दिवाणजींनी चिठ्ठी आधी पंतांना वाचायला दाखवली, मग तिच्या हातात दिली.

"क-रं-डी-चं तोंड," धुरपदाने सुरुवात केली, "दोन वीत. उंची दीड वीत. झाकण..." ती थांबली. पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"अडलं?" दिवाणजी म्हणाले.

पंतांनी डोळे मिटून घेतले.

"अडलं न्हाई," धुरपदा म्हणाली. "चुकलंय."

"वाचायला चुकलीस ना?"

"वाचाय न्हाई, दिवाणजी. लिवायला चुकलंय. तोंड दोन वीत आन् झाकण पावणेदोन वीत? झाकण करंडीच्या आत पडंल की!"

दिवाणजींनी चिठ्ठी तिच्या हातातून घेतली, वाचली, पुन्हा वाचली. त्यांच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. पाचशे करंड्यांची मागणी होती. पाचशे झाकणं वाया गेली असती आणि या वेळी दोष त्यांचा स्वतःचा असता. क्षणभर गेला आणि ते खो खो हसत सुटले.

"पंत," ते म्हणाले, "हे तुम्ही शिकवलंत यांना?"

सगळ्यांच्या नजरा पंतांकडे वळल्या. पंतांनी मान हलवली.

"अक्षरं मी शिकवली, दिवाणजी. पण तुमची चिठ्ठी आधी माझ्याच डोळ्यांखालून गेली. मी वाचली, आणि मला त्यात काही चूक दिसली नाही. ती धुरपदाबाईंना दिसली." मग ठकूआजीकडे बघून ते म्हणाले, "चार महिने मी यांच्याकडे झाकण शिकतोय. अजून माझं एकही झाकण बसत नाही."

एकच हशा पिकला. दिवाणजींनी तिथेच चिंचेखाली शब्द दिला, की या वर्षीचंच नाही तर यापुढचंही सगळं काम वेळवाडीचं. धुरपदाच्या मुलींनी आईला अशी मिठी मारली की त्या धक्क्याने दिवाणजींच्या हातातली चिठ्ठी उडून शेळीच्या पुढ्यात पडली, शेळीने ती फस्त केली आणि दिवाणजींना दुसरी लिहून द्यावी लागली. या खेपेला झाकणाचं माप धुरपदाने सांगितलं आणि दिवाणजींनी ते मुकाट्याने लिहून घेतलं.

त्या वर्षी वेळवाडीतून खाणीकडे एकही बिऱ्हाड गेलं नाही.

एवढ्यावरून शिकायचं तात्पर्य: गरिबाला मदत करायला निघालेल्याने त्याच्या हातचं घ्यायलाही मनापासून शिकावं. आपण नुसतं देत राहिलो तर तो आपल्या पायाशीच बसून राहतो. त्याच्याकडून काही घेतलं, की तो आपल्या शेजारी येऊन बसतो.