थोरल्या बुवांचा स्विच

"मग माझ्यात कमी काय आहे, बुवा?"

अच्युतबुवा गवती चहा फुंकत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

विचारणारा विरूपाक्ष, त्यांचा थोरला शिष्य. दिवाळी झाली की बुवा मठ सोडून नर्मदेकाठी कायमचे राहायला जाणार होते. गादी कोणाला द्यायची, ते त्यांनी अजून सांगितलं नव्हतं. घाटमाथ्यावरच्या सगळ्या वाड्यांना उत्तर ठाऊक होतं. विरूपाक्षाला तर सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं. बुवा तेवढे बोलायचे राहिले होते.

"कमी काही नाही," बुवा म्हणाले. "जास्तच आहे."

विरूपाक्षाने ते स्तुती म्हणून घेतलं आणि मांडी सैल केली.

खोटं कशाला बोला, मठ तोच चालवत होता. कोठीघराची, औषधांच्या कपाटाची, जीपची, साऱ्या किल्ल्या त्याच्या कमरेला. स्वयंपाकाला तांदूळ किती काढायचे, हेसुद्धा पारूमावशी त्याला विचारून ठरवायच्या. तो चालला की किल्ल्या खुळखुळत आणि माणसं उगीचच ताठ उभी राहत.

जीप ही मठाची मोठी सेवा. वरच्या वाड्यांतून कुणी आजारी निघालं की त्याला घाट उतरवून खालच्या दवाखान्यात पोचवायचं. घाटात धुकं असं, की वळण सोडाच, स्वतःच्या गाडीचा बंपर दिसायची मारामार.

त्या जीपपायी पंधरवड्यापूर्वी एक प्रसंग घडला होता. धनगरवाड्यावरची माणसं एका अडलेल्या बाईला डोलीतून घेऊन आली. विरूपाक्ष अनुष्ठानाला बसला होता. ड्रायव्हर म्हादबा जीपपाशी उभा, बाई कण्हतेय, आणि किल्ली बंद दाराआड विरूपाक्षाच्या कमरेला. दार वाजवायची कुणाची छाती झाली नाही. तो उठेपर्यंत बाई मठाच्या ओट्यावर बाळंत झाली.

आई आणि मूल दोघं जगली. ती तिची ताकद. मठाने त्यात काही केलं नाही.

बुवा तेव्हा एक शब्द बोलले नव्हते. विरूपाक्षाने मात्र त्या प्रसंगातून आपल्या परीने धडा घेतला. घाट लवकर उतरता यायला हवा, म्हणजे दिवे मोठे हवेत.

मठात येण्याआधी त्याचं गडहिंग्लजला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं आणि हात उत्तम होता. बंपरवर जे दोन जादा दिवे होते, त्यांतले जुने बल्ब काढून त्याने जवळजवळ दुप्पट ताकदीचे बसवले.

"चला, दाखवतो," तो म्हणाला.

बुवा चहाचा पेला घेऊनच उठले.

संध्याकाळ झाली होती आणि धुकं अंगणात शिरलं होतं. म्हादबाने इंजिन चालू केलं. विरूपाक्षाने बटण खाली पाडलं. अंगणापलीकडचं फणसाचं खोड, त्याच्यामागचा बांध, बांधावरचं गवत, सगळं पांढरं लख्ख झालं. म्हादबा म्हणाला, दिवस उगावला की. विरूपाक्षाने बुवांकडे पाहिलं.

"चांगले आहेत," बुवा म्हणाले. "राहू देत चालू."

...

थोड्या वेळाने बांधावरचं गवत दिसेनासं झालं. मग बांध. खोड राहिलं, पण तेही पिवळट. जीपमधून करपल्यासारखा वास येऊ लागला. इंजिन चालूच होतं, तेव्हा दोष बॅटरीवर ढकलायचीही सोय नव्हती.

"बल्ब हलके निघाले," विरूपाक्ष म्हणाला. "याहून मोठे आणतो."

बुवा जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले.

समोर त्या दिव्यांचा पितळी स्विच होता. त्याच्यावर कुंकवाचं बोट उठलेलं. जीप मठात आली तेव्हा तो थोरल्या बुवांनी, म्हणजे अच्युतबुवांच्या गुरूंनी, स्वतःच्या हाताने बसवला होता. थोरले बुवा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा हात लागलेली वस्तू बदलायची नाही, हा मठाचा शिरस्ता. त्यांची चिमटा-झोळी जशी जपली होती, तसाच हा स्विच. विरूपाक्ष रोज आंघोळीनंतर त्याला कुंकू लावायचा.

"सगळी वीज यातूनच जाते?" बुवांनी विचारलं.

"यातूनच. मुद्दाम ठेवलीय." विरूपाक्षाचा आवाज भरून आला होता, आणि तो भाव खरा होता. "थोरल्या बुवांच्या हाताखालून गेल्याशिवाय या मठात काही पेटायला नको."

"अंगठा ठेव त्याच्यावर."

विरूपाक्षाला वाटलं, नमस्कार करायला सांगताहेत. त्याने मोठ्या भक्तीने अंगठा टेकवला.

"माझा चहा संपेपर्यंत काढू नकोस."

बुवांनी एक घोट घेतला. पेला खाली ठेवला. धुक्याकडे पाहत बसले.

...

विरूपाक्षाच्या कपाळावर घाम आला. हट्टी माणूस, त्याने दात आवळले. बुवांनी दुसरा घोट घेण्यासाठी पेला उचलला, तेवढ्यात त्याने हात झटकून मागे घेतला. अंगठा लाल झाला होता.

"भाजलं?"

"हो."

"थोरल्या बुवांना किती वेळ धरायला लावणार होतास?"

विरूपाक्ष हात धोतराला पुसत उभा राहिला. खरं तर दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांना तो पहिल्या दिवशी हेच सांगायचा, की मोठा बल्ब लावायचा तर आधी विजेची वाट तपासा, जुनी बारीक वायर आणि जुना स्विच मोठ्या बल्बचा भार सोसत नाहीत, उजेड मधल्या मध्येच उष्णता होऊन संपतो. दुसऱ्या कुणाच्या गाडीत त्याने ही चूक केली नसती. इथे कुंकू आडवं आलं.

"काढून टाकू का हा?" त्याने हळूच विचारलं.

"काढू नकोस. त्याच्यावरचा भार काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बॉनेट उघडलं. स्विचमागची वायर बाहेर काढली, तर तिचं आवरण मऊ पडून शेजारच्या वायरीला चिकटलं होतं. आणखी काही दिवस तसंच चाललं असतं, तर भर घाटात, रोगी आत असताना, जीप पेटली असती. ते दिसल्यावर तो चाकापाशी खालीच बसला. म्हादबाने पाणी आणून दिलं.

मग तो कामाला लागला. बॅटरीपासून नवी जाड वायर घेतली, बॅटरीच्या तोंडाशीच फ्यूज घातला, मध्ये रिले, म्हणजे स्विचची नुसती खूण मिळताच मोठी वीज सोडणारी डबी, बसवला आणि तिथून वायर सरळ दिव्यांना नेली. परतीची वायरसुद्धा तितकीच जाड घेतली आणि गाडीच्या सांगाड्यावरचा रंग खरवडून तिथे घट्ट आवळली. थोरल्या बुवांच्या स्विचला फक्त रिलेकडे जाणारी बारीक वायर उरली.

दुपारी बुवा काठी टेकत आले. विरूपाक्षाने बटण पाडलं. बॉनेटखाली टक्क वाजलं आणि दिवे लागले. भर उन्हातही त्यांच्याकडे बघवेना.

जेवणाची पंगत उठेपर्यंत त्याने इंजिन आणि दिवे चालू ठेवले. पिवळेपणाचा मागमूस नव्हता. बुवांनी स्विचला हात लावून पाहिला आणि तसाच ठेवला.

"गार आहे," ते म्हणाले. "आता हा काय करतो?"

"काही नाही. नुसती खूण करतो. पेटव, एवढंच. बाकी वीज आपल्या वाटेने जाते."

"याच्या हातून जात नाही?"

"नाही."

"म्हणजे थोरल्या बुवांचा मान गेला म्हणायचा."

"मान कसा जाईल?" विरूपाक्ष उसळून म्हणाला. "त्यांच्या खुणेशिवाय पेटतच नाही. उलट आता..."

तो थांबला.

"उलट काय?"

...

"उलट आता ते जळणार नाहीत," तो म्हणाला, पण आवाज उतरला होता.

बुवा काठी टेकत परत गेले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, की आणखी काही विचारलं नाही. त्यांची ही सवय भारी त्रासदायक होती. दुसरा गुरू असता तर निदान चार शब्द रागावला असता.

विरूपाक्ष बराच वेळ जीपमध्ये बसून राहिला. त्याला ओट्यावरची ती बाई आठवत होती. तिचा आवाज त्या दिवशी त्याने ऐकला होता. बंद दाराआड, डोळे मिटलेले असताना, त्याने तो ऐकला होता, आणि आपलं अनुष्ठान संपल्यावर पाहू असं मनात म्हटलं होतं. आजवर हे त्याने कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

त्याने कमरेचा जुडगा सोडला. जीपची किल्ली जीपलाच लावून ठेवली. औषधांच्या कपाटाची किल्ली कपाटाला. कोठीघराची पारूमावशींच्या हातात दिली. त्या घाबरल्या. माझं काही चुकलं का महाराज, म्हणून रडायलाच लागल्या. त्यांची समजूत घालता घालता संध्याकाळ झाली.

मग तो आत जाऊन जपाला बसला. बसताना कंबर हलकी लागत होती, ते काही त्याला फारसं आवडलं नाही.

माळ अर्ध्यावर आली असेल. अंगणात इंजिन सुरू झालं.

विरूपाक्षाने डोळे उघडले. दार उघडून तो ओट्यावर आला, तोवर जीप फाटकाबाहेर पडली होती. पारूमावशींनी सांगितलं, की बिरूअण्णा धनगरांच्या छातीत कळ आली, लोकांनी पाठीवर घालून आणलं, म्हादबाने कपाटातली गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली आणि निघाला. तुम्हाला कशाला उठवायचं, असं म्हणाला.

पहिल्यांदा संतापच आला. किल्ली आपणच तिथे ठेवली, हे ठाऊक असूनही आला.

तो ओट्याच्या कडेला उभा राहिला. खाली घाटात धुकं दाटलं होतं आणि त्यातून दोन पांढरे झोत वळणं घेत उतरत होते. पहिलं वळण. पुढचं. देवराईखालचं, जिथे नेहमी गाड्या अडतात ते. झोत कुठेही थांबले नाहीत, पिवळे पडले नाहीत. तो शेवटच्या वळणापर्यंत पाहत राहिला.

मग बुवांच्या खोलीत गेला. बुवा गादीवर बसले होते. गादी म्हणजे काही मखमल नव्हे, चौपदरी काळी घोंगडी.

"बुवा, जीप गेली."

"कुणाला घेऊन?"

"बिरूअण्णांना."

"पोचतील?"

"पोचतील. दिवे शेवटपर्यंत पाहिले मी." तो दारातच घुटमळला. "बुवा... मला कुणी विचारलं नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही. मी आत जप करत होतो. माझ्यावाचूनच गेली."

...

बुवांनी काठी हाती घेतली. भिंतीला धरून सावकाश उठले आणि घोंगडीवरून खाली उतरले. तिच्यावरची सुरकुती त्यांनी तळहाताने साफ केली.

"आता तुझ्यावाचून काही अडत नाही," ते म्हणाले. "ये, बस."