पळसाचं पान

माणसं जगात यायच्या आधीच्या काळी नदीकाठच्या रानात जनावरं गोष्ट सांगण्याआधी फांदीला पान टांगत. हसायच्या गोष्टीला पळसाचं, रडायच्या गोष्टीला कडुलिंबाचं. पान टांगायचा मान म्हाताऱ्या वानराचा. पान बघून सगळे तशी तोंडं करून बसत. ऐकायचे कष्ट कोण घेतो?

एके दिवशी खेकडी आली. सकाळीच म्हशींनी उतारावरची तिची बिळं तुडवली होती. सात पोरं गेली, कडेच्या बिळात दोन उरली. संध्याकाळी कळप त्याच उतारानं परतणार होता.

"आजोबा, कडुलिंब टांगा."

"रडायची गोष्ट हरणांची असते, पोरी. तिरकं चालणाऱ्यांसाठी कोण रडतं?"

"मग पानच नको. घडलं तेच सांगते."

"बिनपानाचं लोकांना कळत नाही. चाळीस पावसाळे बघतोय मी," म्हणत त्यानं पळस टांगला. चाळीस पावसाळ्यांत थेरड्यानं पानापलीकडे काही बघितलंच नव्हतं.

खेकडीनं मेलेल्या पोरांची नावं घेतली, तर ससे हसून लोळले. "मावशी, आज त्या उतारानं जाऊ नका, पाया पडते," म्हणत तिनं म्हशींपुढे नांग्या जोडल्या. थोरली म्हैस डोळे पुसत म्हणाली, "काय सोंग करते गं मेली!"

दिवस कलला. कळप हसत हसत त्याच उतारावरून गेला. खेकडी जिवाच्या आकांतानं पळत पोचली, तेव्हा कडेचा चिखलही सपाट झाला होता.

मागून वानर आला. चिखलाकडे बघून म्हणाला, "उद्या सातांऐवजी नऊ म्हण. जास्त हसतील."