वर्गातला पेद्रो

“दसऱ्याच्या आत आम्हाला स्पॅनिश शिकवा! पण आमची चूक काढायची नाही. राजा चुकत नसतो!”

मोतीबंदरच्या रणधवल महाराजांनी फर्मान सोडलं आणि विद्यापीठात स्पॅनिश शिकवणाऱ्या शेवंताबाई तांडेल यांनी कपाळाला हात लावला. दसऱ्याला स्पेनचा राजदूत यायचा होता. गेल्या खेपेला तो आणि दुभाष्या खो-खो हसत बसले आणि महाराज नुसतेच मान डोलावत राहिले. ते त्यांना फार लागलं होतं.

“आणि नाहीच जमलं तर?” शेवंताबाईंनी विचारलं.

“तर तुमच्या वर्गाला टाळं! आणि चूक काढलीत, तर तुम्ही राज्याबाहेर!”

तर्कशास्त्राचे पंडित असलेले कुलगुरू वामनशास्त्री मिशीत हसले. बंदरावर खलाशांकडून भाषा शिकलेली ही नाखव्याची लेक प्राध्यापक म्हणून आपल्या शेजारी बसते, हे त्यांना पहिल्यापासून खुपत होतं. शेवंताबाईंचा तर सगळा जीव त्या वर्गात. पण चूक न काढता भाषा शिकवायची म्हणजे पाण्यात न उतरवता पोहायला शिकवायचं!

दुसऱ्या दिवशी महाराज वर्गात आले, तेव्हा बाई हसून म्हणाल्या, “महाराज, माझ्या वर्गाची एक रीत आहे. इथे येईल त्याला स्पॅनिश नाव मिळतं. ही गंगू, वर्गात कार्मेन. हा सदू, वर्गात पाब्लो. आणि तुम्ही पेद्रो!”

“पेद्रो! झकास!” महाराज खूश.

मग काय विचारता! “पेद्रो, चुकलं! पेद्रो, पुन्हा म्हण! पेद्रो, खिडकीबाहेर काय बघतोस?” महाराज बिचारे घाम पुसत घोकू लागले. आश्चर्य म्हणजे त्यांना रागही येईना. पेद्रोला कसला आलाय मानपान! वामनशास्त्री दाराआडून हे सगळं ऐकत होते आणि दसऱ्याची वाट बघत होते.

दसऱ्याला महाराज राजदूताशी स्पॅनिशमध्ये असे काही बोलले की दरबार बघतच राहिला. वामनशास्त्रींना ते सोसेना. ते ताडकन उठले.

“महाराज, या बाईने भर वर्गात तुमच्या चुका काढल्या! मी या कानांनी ऐकलंय!”

महाराज गोरेमोरे झाले. सगळ्यांदेखत विषय निघाला, आता गप्प कसं बसणार?

“शेवंताबाई, हे खरं?”

“महाराज, आधी एक सांगा. तुम्ही कधी चुकलात का?”

“राजा चुकत नसतो!” महाराज गरजले.

“मग मी तुमची चूक काढीन कुठून? चुकत होता तो पेद्रो. रोज चुकायचा बिचारा! आता त्या चुका महाराजांच्या होत्या असं शास्त्रीबुवांचं म्हणणं असेल, तर महाराजांची चूक काढली कुणी? त्यांनी की मी?”

शास्त्रीबुवा मटकन खाली बसले. महाराजांना मात्र हसू आवरेना. हसता हसता ते म्हणाले, “शास्त्रीबुवा, तुम्ही आपलं तर्कशास्त्र शिकवा. बाई, आजपासून कुलगुरू तुम्ही! सगळा कारभार तुमच्याकडे. आता वर्गात उभं राहायची दगदग नको!”

शेवंताबाईंनी हात जोडले. “कारभार आनंदाने बघीन, महाराज. पण सकाळचा वर्ग काही मी सोडायची नाही. तो पेद्रो अजून फार कच्चा आहे हो!”

महाराज सिंहासनावर पोट धरधरून हसत सुटले.