चांदीची नदी आणि राणीची इर्जिक

एका राज्यात एक नदी होती, आणि ती चांदीची होती. दिसायला चांदीसारखी नव्हे, खरोखरीच चांदीची. त्याचं असं झालं की मागल्या राजाला खजिन्याची हाव फार. धूम्राक्ष मांत्रिक त्याला म्हणाला, "डोंगर मला दे, नदीची चांदी करून देतो." राजाने दिला. मांत्रिकाने डोंगर बोडका केला, ओढ्यांचे बांध मोडले, तळाचा तलाव गाळाने बुजवला. मग एके सकाळी वाहती नदी जागच्या जागी थिजली. लाटा तशाच उभ्या, मासे तसेच आत. खजिना भरला, रांजण रिकामे झाले. पाऊस पडे, पण उघड्या डोंगरावर थेंब ठरत नसे.

तो राजा गेला, त्याचा लेक गादीवर बसला. खजिन्याबरोबर शापही वारशाने आला. नव्या राजाची पावलं चांदीची झाली. मग घोटे, मग पोटऱ्या. त्याची राणी सुरंगा रोज पायाशी बसून हात लावून बघे, आणि गारवा कालच्यापेक्षा वर चढलेला असे. तो गळ्यावर गेला की राजा संपला, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

कोरड्या काठावर एक टिटवी उरली होती. राणीने तिला उपाय विचारला.

टिटवी म्हणाली, "माथ्यावर गवत यावं. उतारावर बांध उभे राहावेत. तळाचा तलाव उपसावा. तिन्ही कामं तिथल्याच माणसांनी आपखुशीने करावीत. हुकुमाने लागलेला दगड राहायचा नाही."

राणीने सारं ऐकलं, पण शेवटचं तेवढं कानावरून गेलं. राणीच ती. तिने दवंडी पिटवली, शिपाई धाडले, माणसं कामाला जुंपली. संध्याकाळपर्यंत बांध उभा. सकाळी पाहतात तो डोंगरावर एक दगड नाही. सारे गडगडत आले होते आणि जिने हुकूम केला तिच्या दारात येऊन बसले होते. राजवाड्याचा दरवाजा उघडेना. राणी खिडकीला शिडी लावून खाली उतरली, आणि तशीच पायी डोंगराकडे निघाली.

माथ्यावर बिरमल नावाचा म्हातारा धनगर मेंढ्या राखत होता. राणी म्हणाली, "बाबा, हुकूम नाही करत. इर्जिक घालते आहे. कामाला या, जेवायला या."

आता इर्जिक म्हणजे काय, तर एकाचं काम अडलं की बाकीच्यांनी आपापली अवजारं घेऊन जायचं, मजुरी घ्यायची नाही, आणि ज्याचं काम त्याने पोटभर वाढायचं.

बिरमल म्हणाला, "घाल की. पण बाई, तू कुणाच्या इर्जिकेला गेली होतीस?"

"कुणाच्याच नाही."

"मग तुझ्याकडे कोण येईल?"

राणीने पदर खोचला. मग म्हणाली, "तुमचं काय काम अडलंय?"

"मेंढ्या कातरायच्यात."

राणीने कातर हातात घेतली. पहिली मेंढी सुटली तेव्हा बिरमलने ती उलटसुलट करून पाहिली. "मेंढीला लाज वाटतेय," म्हणाला, "पण चालेल."

तिथून ती उतारावर गेली. तिथे ठमाई उरलीसुरली झाडं तोडून कोळसा पाडायची. तिचं छप्पर गळत होतं. राणीने गवताच्या पेंढ्या वर चढवल्या आणि ठमाईच्या शिव्या खात छप्पर शाकारलं. मग ती तळाला गेली. तिथे नागोजी पाटलाच्या विहिरीत उतरून तिने गाळ उपसला. वर आली तेव्हा ती राणी आहे हे पाटलाच्या कुत्र्यालाही पटेना.

मग मात्र तिन्ही ठिकाणची माणसं इर्जिकेला आली. आली, आणि भांडायलाच लागली.

"गवत यायचं म्हणून माथ्यावर चराई बंद," बिरमल म्हणाला, "मग मेंढ्या चारू कुठं? पाटलाच्या पागोट्यावर?"

"पागोटं राहू दे, माझा कडबा घाल," नागोजी म्हणाला. "पण कळप माझ्या रानात बसव. लेंडीखत मला पाहिजे."

"आणि मी झाड तोडायचं नाही, तर विकू काय?" ठमाईने विचारलं.

"तुरीच्या तुऱ्हाट्या ने, बाभळीच्या छाटण्या ने. माझ्या बांधावर कुजताहेत त्या," नागोजी म्हणाला.

"आधी का नाही बोललास?"

"तू आधी विचारलंस कधी?"

असा सौदा जमला. राणीने हळूच विचारलं, "राजवाड्याने काय द्यावं?"

ठमाई म्हणाली, "पहारी द्या, पाट्या द्या, भाकरी द्या. आणि मधे बोलू नका."

पहिली तिन्ही राणीने लगेच दिली. चौथं फार जड गेलं.

माथ्यावर गवत गुडघ्याला लागलं. तलाव उपसून झाला. उतारावरचे बांध उभे राहिले, शेवटच्या बांधाचं तोंड तेवढं उघडं राहिलं. त्या दिवशी राजवाड्यातून निरोप आला की चांदी राजाच्या गळ्याशी आली. आणि त्याच दिवशी माणसं थकून खाली बसली. हात सोलले होते, पाठी धरल्या होत्या.

तेवढ्यात वावटळ आली, आणि वावटळीचा धूम्राक्ष झाला. तो राणीच्या कानाशी लागला. "एकच शब्द बोल. 'उठा' म्हण. तुझा राजा वाचेल."

राणीचं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला होता. तिने तो गिळला, आणि स्वतः जाऊन एक दगड उचलला. मग दुसरा. बोटांतून रक्त आलं, तरी ती कुणाकडे बघेना.

ठमाई बघत होती. ती म्हणाली, "बाई, दगड उलटा बसवतेयस. सरक." आणि उठली.

बिरमल उठला. "ती उठल्यावर आम्ही काय मेंढ्या मोजत बसायचं?" मग नागोजी उठला, मग सारीच उठली. तोंड बुजलं.

धूम्राक्षाने मंत्र टाकला. दगड हलला नाही. तो कुणाच्याच हुकुमाचा नव्हता, म्हणून कुणाच्याच मंत्राचा झाला नाही. मांत्रिक धूर होऊन विरला.

मग पाऊस आला. माथ्यावर ठरला, बांधावर थांबला, तलावात उतरला. नदी कडाकडा तडकली. आधी एका माशाने शेपूट हलवली, मग लाट पुढे सरकली. खजिन्यातली चांदीही पाणी होऊन, दारातले दगड ढकलत दरवाजातून वाहून गेली. ओल्या पावलांनी राजा धावत बांधावर आला.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

राणी गप्प उभी राहिली. तिची मान मात्र अशी ताठ कुणी कधी पाहिली नव्हती, मुकुटाखालीसुद्धा.

"आम्ही," बिरमल, ठमाई आणि नागोजी एकदमच म्हणाले.

"मग तुमची नावं या बांधावर कोरून घेतो."

"नको, महाराज," ठमाई म्हणाली. "नाव कोरलं की बाकीचे म्हणतील, ज्याचं नाव त्याने गाळ काढावा."

राजा हसला. त्याने डोंगर तिन्ही ठिकाणच्या माणसांच्या हवाली केला. त्या राज्यात वाटसरूने विचारावं, ही नदी कुणाची, तर माथा म्हणे आमची, उतार म्हणे आमची, तळ म्हणे आमची. आणि तिघांतलं कुणी खोटं बोलत नसे.

माथ्यावर उगम पावलेली ही गोष्ट तळाला येऊन पोचली. ज्यांनी ऐकली त्यांचे रांजण भरलेले राहोत.