तिने घोटलेली शाई

"...मग तिला बाहेर कसं ठेवायचं, बाबा? तेवढंच शिकवा. बाकी मला काही नको."

सुगंधा खिलारे हे विचारत होती आणि मी शेजारी बसून शाई घोटत होतो. दिव्याची काजळी, बाभळीचा डिंक, पाणी. आठ वर्षं मी हेच करत होतो आणि सोमगिरीबाबांचा पट्टशिष्य म्हणून कॉलर ताठ करून फिरत होतो.

बाबा देवळाच्या ओवरीत राहायचे आणि कापडावर चित्रं काढायचे. शिकायला पुष्कळ जण येत. बहुतेकांना ते दोन दिवसांत घरी धाडत.

"ती म्हणजे कोण गं?" बाबांनी विचारलं.

"माझ्यातलीच एक. सात वर्षांची आहे."

मला हसू आलं. ते आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"या एका अंगात आम्ही तिघं आहोत," ती शांतपणे म्हणाली. "मी, एक भांडखोर म्हातारा आणि ती. एक आला की दुसऱ्याला पत्ता नसतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, आजार आहे, उपचार सोडू नका आणि चित्रंही सोडू नका. पण..."

"पण काय?"

"चित्र पुरं होत आलं की ती येते. मी भानावर येते तेव्हा दुपार टळलेली असते. हात काळे. चित्रावर काळं फासलेलं."

बाबा म्हणाले, "कुठून आली ती?"

"कणगीतून."

"कणगीतून?"

"आजीच्या तरुणपणी गावात जाळपोळ झाली. तिनं माझ्या आईला धान्याच्या कणगीत लपवलं. दोन दिवस. पुढे दारात अनोळखी आवाज आला, की आई मला कणगीत घालायची आणि वरून झाकण लावायची."

"तेव्हा बाहेर कोण असायचं?"

"कुणी नाही, बाबा. पोस्टमन. बोहारीण."

माझा हात खलात थांबला होता.

"आता जमलं नाही तर कुंचला सोडते मी," ती म्हणाली.

"चित्रं दाखव."

तिनं गाठोडं सोडलं. आत पाच कापडं होती. पहिल्यावर एक अंगण होतं, त्यात मिरच्या वाळत घालणाऱ्या तीन बायका. खरं सांगतो, त्यातल्या एकीचं नुसतं कोपर मला आठ वर्षांत तसं काढता आलं नव्हतं. आणि निम्म्या अंगणावर काळं.

"धुऊन निघतंय का बघू?" मी म्हणालो.

बाबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

त्यांनी बोट ओलं केलं, त्या काळ्यावरून फिरवलं आणि डाव्या अंगठ्याच्या नखावर घासलं. मग माझ्या खलातली शाई घेतली आणि उजव्या नखावर घासली. माझ्या शाईत कण होते. तिच्यात एकही नव्हता.

"हा काळा कुठून आणलास?"

"मी नाही आणत. तीच घोटते. शेजारच्या काकू म्हणतात, सकाळपासून खल घेऊन बसलेली असते. हूं नाही की चूं नाही."

बाबांनी कापड उन्हात धरलं. मी मागून पाहिलं. सगळ्या काळ्यात एक रेघ कोरी सोडलेली होती, केसाएवढी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. तिच्यातून उजेड येत होता. हात कुठेही थरथरला नव्हता.

त्यांनी दुसरं कापड धरलं. तिसरं. पाचही.

प्रत्येकात ती रेघ होती.

"ही कसली?" बाबांनी विचारलं.

सुगंधानं ती कधी पाहिलीच नव्हती. ती जवळ आली, रेघेवरून बोट नेलं आणि तिचे डोळे भरून आले.

"झाकणाची फट," ती म्हणाली. "आतून... एवढंच दिसायचं."

मला त्या सात वर्षांच्या पोरीचे पाय धरावेसे वाटत होते, आणि पाय तर समोरच होते.

बाबा उठले. त्यांनी हात धुतले. मला सतरंजीवरून उठायची खूण केली आणि माझ्या जागी, शिष्याच्या जागी, सुगंधासमोर मांडी घालून बसले.

"तिला विचार," ते म्हणाले, "कणगीत तिच्या शेजारी या म्हाताऱ्या शिष्याला जागा होईल का."