मोगरी नदीच्या तोंडावरची शिळा

या, जवळ या. पाय पांघरुणात घ्या बघू आधी. हं, तर एकदा काय झालं, एका नदीचं तोंडच बंद झालं.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गावातून मोगरी नावाची नदी वाहायची. एका सकाळी बायका घागरी घेऊन गेल्या, तर नदीत नुसते गोटे. गुरं हंबरायला लागली, मळे माना टाकायला लागले. सगळे म्हणाले, "वर उगमाशी जाऊन बघायला हवं." पण जायचं कुणी? जो तो दुसऱ्याकडे बघत राहिला.

त्या गावात हौसा नावाची एक बाई होती. नवरा कधीच गेलेला. एक लेक, वेणू, आणि चार शेळ्या, एवढाच तिचा संसार. वेणू शेळ्या घेऊन रोज डोंगर चढायची. त्या दिवशी ती चढत चढत थेट उगमापर्यंत गेली.

संध्याकाळी शेळ्या घरी आल्या. वेणू आली नाही.

आणि नदीला मात्र पाणी आलं! गावात कोण आनंद झाला! हौसा एकटीच दारात उभी. तेवढ्यात एक निळा खंड्या तिच्या कुडावर येऊन बसला. त्या काळी पक्षी बोलायचे, बरं का. खंड्या म्हणाला, "हौसाबाई, उगमावर मोठी शिळा घसरली होती. तुझ्या लेकीनं खाली शिरून ती पाठीवर उचलून धरलीय, म्हणून पाणी सुटलं. आता तिला हलता येत नाही. नदीनं तिला ठेवून घेतलंय. तिला भूक लागणार नाही, तहान लागणार नाही. पण सगळ्या गावानं येऊन हात लावला आणि शिळा बाजूला केली, तर नदी तिला सोडील. आणि एक लक्षात ठेव. सूर्य मावळल्यावर जो उगमाशी राहील, तो नदीचा."

हौसा धावत पारावर गेली. पाटलांच्या पाया पडली. पाटील म्हणाले, "अगं, पाया कसली पडतेस! गावाची लेक ती. सगळे जाऊ." मग सगळ्यांनी बसून बेत केला. पहाटे निघायचं. मधल्या टेकाडावर न्याहारी करायची. दुपारी उगमाशी पोचायचं, शिळा ढकलायची आणि दिवेलागणीला घरी. एका दिवसाचं तर काम! "फक्त एवढी कापणी होऊ दे," पाटील म्हणाले.

कापणी झाली. मग मळणी आली. मग जत्रा आली. वर्ष गेलं.

त्या वर्षी नदीच्या पाण्यातून गाणं ऐकू यायचं. वेणू शेळ्यांमागे म्हणायची तेच गाणं. हौसा काठावर बसून रडायची. गावातल्या बायका म्हणायच्या, "किती गोड! पोरं लगेच झोपतात."

दुसऱ्या वर्षी पुन्हा बेत झाला. दोरखंड कुणी आणायचे, पहारी कुणी आणायच्या, सगळं ठरलं. तर पाटलांच्या मुलाचं लग्न निघालं. लग्नघर सोडून डोंगरावर कोण जाणार? हौसासुद्धा पंगतीत वाढत होती. सगळ्यांचं झाल्यावर तिच्या पानात पडलेली पुरी तिनं शेळ्यांना घातली. त्या वर्षी पाण्यातून हिरव्या बांगड्यांचे तुकडे वाहत आले. पोरांनी ते गोळा केले आणि अंगणात खेळ मांडला.

तिसऱ्या वर्षी पाणी खारट झालं. अगदी डोळ्यांतल्या पाण्यासारखं. हौसानं ओंजळभर पाणी पाटलांसमोर धरलं. "चाखा," म्हणाली. पाटलांनी चाखलं. म्हणाले, "हं. आमटीला मीठ कमी लागतंय खरं हल्ली."

पण लाजेकाजेस्तव गाव वेशीवर जमलं, बरं का. हौसानं सगळ्या गावासाठी भाकऱ्या थापल्या होत्या, ठेचा वाटला होता. आता निघणार, तोच भांडण लागलं. पुढं कुणी चालायचं? पाटील म्हणाले मी, गुरव म्हणाला माझा मान. ते मिटतंय, तोवर गुरवच हळूच म्हणाला, "शिळा काढताना उगमच बुजला तर? आत्ता पाणी नीट येतंय ना?"

एकेकानं पहार खांद्यावर घेतली आणि घरची वाट धरली. भाकऱ्या मात्र घेऊन गेले.

मग हौसा एकटी निघाली. करवंदीच्या जाळ्यांनी तिला ओरबाडलं, घसाऱ्याच्या वाटेवर गुडघे फुटले, पण ती थांबली नाही. उन्हं कलली तेव्हा ती उगमाशी पोचली.

वेणू शिळेखाली वाकलेली. केस शेवाळासारखे हिरवे होऊन पाण्यात पसरलेले. पाय खडकाच्या रंगाचे झालेले. डोळे तेवढे तिचेच.

"आई," वेणू म्हणाली, "बाकीचे मागून येतायत ना?"

"येतायत गं," हौसा म्हणाली. "पाटलांचा गुडघा दुखतो. हळूहळू चढतायत."

"खोटं. खंड्या सांगतो मला सगळं."

"मग विचारलंस कशाला?"

"तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटलं."

हौसानं शिळेला खांदा लावला. ढकललं, ढकललं. शिळा जागची हलली नाही. सूर्य पार डोंगराला टेकला.

"आई, जा आता. शेळ्या वाट बघत असतील."

"शेळ्या सकाळीच शेजारणीला देऊन आले," हौसा म्हणाली. "गावाचे बेत राहू देत. माझा पक्का होता. सरक जरा."

आणि ती शिळेखाली शिरली. लेकीच्या पाठीला पाठ लावली. दोघींनी मिळून जोर केला, तशी शिळा आणखी वीतभर वर उचलली गेली. वेणूनं कितीतरी दिवसांनी मान सरळ केली. मग सूर्य मावळला.

दुसऱ्या दिवशी मोगरीला दुप्पट पाणी आलं. आणि गोड! गावानं ऊस लावला, गुऱ्हाळं घातली, पोराबाळांनी काकवी चाटली. पाटील म्हणाले, "बघा, आपण घाई केली नाही तेच बरं झालं." हौसाच्या घराचं दार वाऱ्यानं आपटत राहिलं, तेव्हा कुणीतरी जाऊन ते बांधून टाकलं.

गाव सुखानं नांदलं. खूप वर्षं नांदलं.

आणि त्या दोघी? त्या एकमेकींपाशी आहेत. वर अजून कुणी गेलेलं नाही.

चला, झाली गोष्ट. डोळे मिटा आता.